सरस्वतीदेवी : चालीमागें राहिलेलें नांव

(नभोवाणीवरील भाषण)

भाद्रपदी पौर्णिमेला आपल्या नागपुरांत आणि सगळ्या वऱ्हाडांत घरोघरीं भुलाबाई मांडली जाते, आणि तेथपासून कोजागिरीपर्यंत मुली तिच्यापुढें गाणीं म्हणतात. आईच्या तोंडची चाल लेक उचलते, लेकीच्या तोंडची नात उचलते. परंतु या चाली मुळांत कोणीं बांधल्या, हा प्रश्न कोणत्याहि भुलाबाईपुढें कोणीं विचारल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. गाणें संपतें न संपतें तोंच खिरापत ओळखण्याची घाई सुरू होते, आणि ती पहिली चाल बांधणारी बाई काळोखांत राहते ती राहतेच. जात्यावरच्या ओवीची हीच कथा, पाळण्याचीहि हीच.

लोकगीताच्या बाबतींत हें एका परीनें स्वाभाविक म्हणतां येईल. तेथें कर्ता एकटा नसतोच. पिढ्यान् पिढ्यांचे कंठ त्या चालीला आकार देत आलेले असतात. परंतु जिचें नांव, गांव, गुरु आणि कामाचीं सालें आपणांस ठाऊक आहेत, जिच्या चाली एके काळीं हिंदुस्थानच्या गल्लोगल्लीं गाइल्या गेल्या, अशा बाईच्या वांट्यालाहि तोच काळोख यावा, ही गोष्ट मात्र विचार करावयास लावणारी आहे. आज मी अशाच एका बाईंविषयीं बोलणार आहें. त्यांचें नांव खोर्शेद मिनोचर होमजी. श्रोतेहो, हें नांव आपणांस ओळखीचें वाटलें नसेल, तर त्यांत आपला दोष नाहीं. तें लोकांपुढें येऊं नये, अशीच व्यवस्था झाली होती. बोलपटाच्या जगांत त्या 'सरस्वतीदेवी' या नांवानें वावरल्या, आणि आपल्या देशांतील अगदीं आरंभींच्या स्त्री-संगीतदिग्दर्शकांत त्यांची गणना होते.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वीं क्षणभर दूर जाऊं. पाश्चात्य संगीतांत 'चेंबर म्युझिक' म्हणून एक प्रकार आहे. मोठ्या नाट्यगृहासाठीं नव्हे, तर घरांतल्या दिवाणखान्यासाठीं, चार-सहा वादकांनीं समोरासमोर बसून वाजवावयाचें हें संगीत. यांत एका भागाला एकच वाद्य असतें, त्यामुळें कोणाला कोणाच्या आड लपतां येत नाहीं. आणि कोणीं आवाज चढवून दुसऱ्याला झांकलें, तर सगळा डौलच बिघडतो. आपल्या बैठकीच्या गाण्याशीं याचा स्वभाव पुष्कळसा जुळतो. या प्रकारांत उत्तम रचना करणारी लुईझ फारेंक नांवाची एक बाई पॅरिसमध्यें होऊन गेली. तिचा जन्म १८०४ चा आणि मृत्यु १८७५ चा. तेथील सरकारी संगीत-विद्यालयांत ती १८४२ पासून तीस वर्षें पियानो शिकवीत होती, आणि बरोबरीच्या पुरुष अध्यापकांहून तिला वेतन कमी होतें. १८५० सालीं तिची नऊ वाद्यांची एक रचना जाहीर रीतीनें वाजविली गेली. योसेफ योआखिम हा पुढें जगद्विख्यात झालेला तरुण व्हायोलिनवादक त्या प्रसंगीं वाजवावयास होता. रचना लोकांना फार आवडली. त्यानंतर बाईनें वेतनाच्या समानतेची मागणी केली, आणि ती मान्य झाली. पुढें फ्रान्सच्या ललितकला-अकादमीनें १८६१ आणि १८६९ अशा दोन वेळां तिला पारितोषिकहि दिलें. इतकें होऊनहि तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षें तिच्या रचना धूळ खात पडल्या. त्या काळचें पॅरिस ऑपेराच्या झगमगाटावर लुब्ध होतें. मोजक्या वाद्यांची, भपका नसलेली रचना कोणाच्या लक्षांत राहणार?

ज्या कलेंत भपका नाहीं ती लौकर विस्मरणांत जाते, आणि ती बाईची असली तर अधिकच लौकर जाते. फारेंकबाईंच्या कथेंतला हा धागा मनांत ठेवून आतां आपण मुंबईस येऊं.

खोर्शेदबाईंचा जन्म १९१२ सालचा, मुंबईच्या एका पारशी कुटुंबांतला. पारशी समाजांत हिंदुस्थानी संगीताची आवड नवी नव्हती. कैखुश्रो काबराजी यांनीं १८७० सालीं मुंबईंत 'गायन उत्तेजक मंडळी' स्थापन केली होती, ती याच आवडीपोटीं. आणि तरुणपणीं पंडित विष्णु नारायण भातखंडे याच मंडळींत गायनाच्या अभ्यासासाठीं जात असत. त्याच भातखंड्यांपाशीं खोर्शेदबाईंना शिकावयास मिळालें. ध्रुपद आणि धमार या भारदस्त गायकीचा त्यांनीं विशेष अभ्यास केला. लखनौस १९२६ सालीं सुरू झालेल्या मॅरिस कॉलेजांतहि त्यांनीं कांहीं काळ शिक्षण घेतलें. ध्रुपदाची तालीम म्हणजे लयीची आणि शब्दोच्चाराची तालीम. तेथें तानेच्या फुलबाज्या उडवून वेळ मारून नेतां येत नाहीं. प्रत्येक अक्षर आपल्या जागीं बसवावें लागतें. पुढें बाईंनीं ज्या चाली बांधल्या, त्यांत शब्द इतका स्वच्छ कां ऐकूं येतो, याचें एक कारण या तालमींत सांपडेल.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें. आपल्या नागपूरचें केंद्र त्यानंतर एकवीस वर्षांनीं, १९४८ सालीं निघालें, हें लक्षांत घेतलें म्हणजे तो काळ किती आरंभींचा होता याची कल्पना येईल. या मुंबई-केंद्रावर खोर्शेदबाई आणि त्यांच्या बहिणी नियमानें कार्यक्रम करूं लागल्या. 'होमजी सिस्टर्स' या नांवानें ते कार्यक्रम लोकप्रिय झाले. ऑर्गन, सतार, दिलरुबा, मँडोलिन अशीं वाद्यें बहिणींनीं आपसांत वाटून घेतलेलीं. म्हणजे तें एका परीनें दिवाणखान्यांतलेंच संगीत होतें, फक्त त्या दिवाणखान्याच्या भिंती आतां शेंकडों घरांपर्यंत पसरल्या होत्या.

या प्रसंगाचें महत्त्व दोन प्रकारचें आहे. त्या दिवसांत घरंदाज मुलीनें रंगमंचावर उभें राहून गाणें हें समाजाला खपत नसे. नभोवाणीनें एक मधली वाट काढून दिली. गाणारी दिसत नव्हती, फक्त ऐकूं येत होती. ही झाली सामाजिक बाजू. दुसरी बाजू कलेची. ध्वनिक्षेपक हा मोठा कठोर परीक्षक आहे. नाट्यगृहांत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचवावा लागतो, म्हणून गायक तो फेंकतो. ध्वनिक्षेपकापुढें तोच फेंकलेला आवाज कर्कश वाटतो. येथें समोर बसलेल्या एका माणसाशीं बोलावें तसें गावें लागतें. एका वाद्यानें दुसऱ्याला किती जागा द्यावी, कोणीं केव्हां गप्प बसावें, हें खोर्शेदबाई त्या लहानशा खोलींत वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून शिकत होत्या. त्यांच्यापुढें लवकरच जें काम येणार होतें, त्याची ही पूर्वतयारीच ठरली.

१९३४ सालीं हिमांशु रॉय आणि देविकाराणी यांनीं मुंबईजवळ मालाड येथें 'बाँबे टॉकीज' ही संस्था काढली. दिग्दर्शनास फ्रांझ ओस्टेन आणि छायाचित्रणास योसेफ विर्शिंग असे जर्मन तज्ज्ञ, मुंबईच्या धनिकांचें भांडवल, सुशिक्षित नटवर्ग, असा तो थाट होता. रॉय यांनीं खोर्शेदबाईंचें गाणें ऐकलें आणि संस्थेच्या संगीताची जबाबदारी त्यांच्यावर सोंपविली. त्यांची धाकटी बहीण माणेक हिला बोलपटांत भूमिका मिळाली. दोन पारशी मुली बोलपटांत शिरल्याची बातमी पसरतांच त्यांच्या समाजांत मोठें वादळ उठलें. १९३५ सालीं 'जवानी की हवा' हा पहिला बोलपट प्रदर्शित झाला तेव्हां निषेधाच्या सभा झाल्या, निदर्शनें झालीं. शेवटीं तोड निघाली ती अशी कीं, खोर्शेदची 'सरस्वतीदेवी' झाली आणि माणेकची 'चंद्रप्रभा' झाली. नांवें बदललीं आणि काम चालू राहिलें.

कोणी म्हणेल, नांवांत एवढें काय आहे? परंतु विचार करा. ज्या दिवशीं या बाईंच्या कीर्तीला आरंभ झाला, त्याच दिवशीं त्यांचें स्वतःचें नांव त्या कीर्तींतून वजा झालें. सरस्वती ही विद्येची आणि संगीताची देवता. तिच्या नांवाचा गौरव कोणाला नको असेल? तरीहि तें पांघरलेलें नांव होतें. घरचें नांव आड ठेवून जें मिळालें, तें एवढें एक सुंदर आवरण.

आतां त्यांच्या कामाकडे वळूं. मला तर असें वाटतें कीं, त्यांची खरी थोरवी त्यांच्यापुढें असलेल्या अडचणींतून जितकी कळते, तितकी ती गाण्यांच्या लोकप्रियतेवरून कळत नाहीं. त्या काळीं बोलपटांतलें गाणें बहुधा नटनटींना स्वतःच गावें लागे, आणि पुष्कळदां चित्रण चालू असतांनाच त्याचें ध्वनिमुद्रण होई. वादक मंडळी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, झाडामागें किंवा देखाव्याच्या आड बसत. गाणारा चालत असेल, वळत असेल, तरी आवाज यंत्रांत नीट उतरला पाहिजे. त्यांतून देविकाराणींना गाण्याची तालीम नव्हती. आणि त्यांचे नायक अशोककुमार हे तर याच संस्थेच्या प्रयोगशाळेंतून उचलून कॅमेऱ्यापुढें उभे केलेले. आपल्या जुन्या मध्यप्रांतांतल्या खांडव्याच्या वकिलाचा हा मुलगा. त्याला गाण्याचें अंग होतें, परंतु रीतसर शिक्षण नव्हतें. अशा दोन कंठांकडून सगळ्या देशाला आवडेल असें गाणें काढावयाचें होतें.

भातखंड्यांच्या शिष्येनें या ठिकाणीं काय करावें? आपली विद्या दाखविण्याचा मोह झाला असता, तर गाणें गाणाऱ्याला पेललें नसतें. सरस्वतीदेवींनीं उलट वाट धरली. चांगला शिंपी अंगाचें माप घेऊन मग कापड बेततो. त्यांनीं आधीं कंठाचें माप घेतलें. ज्या स्वरांत तो आवाज सुखानें फिरतो, तेवढ्याच स्वरांत चाल ठेवावयाची. ओळ एका श्वासांत पुरी होईल इतकीच लांब. दोन ओळींच्या मध्यें वाद्यांचा छोटासा तुकडा, म्हणजे गाणाऱ्याला दम घ्यावयास सवड मिळते आणि पुढचा स्वरहि कानांत भरतो. अवघड जागीं एखादें वाद्य हळूच सोबतीला येतें आणि आधार देऊन मागें सरतें. ऐकणाऱ्याला यांतलें कांहींच जाणवत नाहीं. त्याला वाटतें, किती सोपें गाणें आहे हें! तें सोपें वाटावें यासाठींच कोणीतरी पुष्कळ श्रम घेतलेले असतात.

१९३६ सालच्या 'अछूत कन्या' या बोलपटांत याचा उत्तम नमुना सांपडतो. ब्राह्मणाचा मुलगा आणि रेल्वेच्या फाटकावरच्या अस्पृश्य पहारेकऱ्याची मुलगी यांच्या प्रेमाची ही शोकांतिका. त्यांतलें 'मैं बन की चिड़िया' हें द्वंद्वगीत अशोककुमार आणि देविकाराणी यांनीं स्वतः गाइलें आहे. ओळी आंखूड, दोन आवाज आळीपाळीनें येणारे, कोठेंहि जड तान नाहीं. आज नव्वद वर्षांनीं तें ऐकलें तर आवाज कच्चे आहेत हें लपत नाहीं. परंतु त्या कच्चेपणाचाच चालीनें निरागसपणा करून टाकला आहे. जें वैगुण्य झांकतां येत नाहीं, त्याला रचनेंत शोभेल अशी जागा देणें, ही कला लहान नव्हे. एकदां चंद्रप्रभेचा घसा बसला असतां पडद्यावर तिनें ओठ हालवावे आणि आड राहून सरस्वतीदेवींनीं गावें, असाहि प्रसंग आल्याचें सांगतात. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हां आपल्याकडे नुकतीच उदय पावत होती. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें १९३५ सालीं तिचा अवलंब केला होता.

पुढें या संस्थेंत लीला चिटणीस आल्या. मराठी रंगभूमीवरून आलेल्या या सुशिक्षित नटीनें अशोककुमारांबरोबर 'कंगन' (१९३९), 'बंधन' (१९४०) आणि 'झूला' (१९४१) हे तीन बोलपट गाजविले, आणि तिन्हींच्या संगीतांत सरस्वतीदेवींचा हात होता. याच सुमारास कवि प्रदीप या संस्थेसाठीं पदें लिहूं लागले. 'बंधन' मधलें तरुणांना चालत राहण्याची हांक देणारें गीत तर त्या स्वातंत्र्याच्या धामधुमींत शाळकरी मुलांच्या तोंडीं बसलें. कवीचें नांव लोकांनीं लक्षांत ठेविलें, तें योग्यच झालें. परंतु ज्या चालीच्या पावलांवर तें गीत देशभर चाललें, ती कोणाची, हें किती जणांना सांगतां येईल?

असें कां झालें, याचीं कारणें शोधूं गेलें तर तीं एकाहून अधिक सांपडतात. पहिलें कारण व्यवहाराचें. त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेवर बोलपटाचें आणि गाणाऱ्याचें नांव ठळक असे; चाल बांधणाऱ्याचें नांव पुष्कळदां नसेच. गाणें घरांत येई तें नटाचें म्हणून येई. दुसरें कारण असें कीं, नंतरच्या कांहीं बोलपटांत त्यांचें नांव रामचंद्र पाल यांच्या जोडीनें आहे, आणि १९४३ सालच्या 'पृथ्वीवल्लभ' मध्यें रफीक गझनवी यांच्या जोडीनें. सोहराब मोदी आणि दुर्गा खोटे यांच्या अभिनयानें गाजलेला हा बोलपट मिनर्व्हा मूव्हीटोनचा. अशा जोडकामांत श्रेयाची वांटणी करतांना बाईचा वांटा आधीं विसरला जातो, हा अनुभव संगीतापुरताच मर्यादित नाहीं.

तिसरें कारण काळाचें, आणि तें मला सर्वांत करुण वाटतें. हिमांशु रॉय १९४० सालीं वारले. संस्थेंत फळी पडली, नवीं माणसें आलीं. १९४३ सालीं 'किस्मत' आला तेव्हां संगीत अनिल विश्वासांकडे होतें. तोंपर्यंत पार्श्वगायन सर्वत्र रूढ होत चाललें होतें. आतां कसलेले गळे मिळूं लागले, वाद्यवृंद वाढला, चालीला मोठ्या उड्या घेतां येऊं लागल्या. हें सर्व संगीताच्या दृष्टीनें इष्टच झालें, यांत शंका नाहीं. परंतु अशिक्षित कंठाला सांभाळून, मोजक्या वाद्यांत, गाणें उभें करण्याची जी कला सरस्वतीदेवींनीं साधली होती, तिची गरजच उरली नाहीं. पूल बांधून झाला म्हणजे नावाड्याला कोण विचारतो? चाळिशीचें दशक संपतां संपतां बोलपटसृष्टीशीं त्यांचा संबंध विरळ होत गेला, आणि १९८० सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

चालींची आयुर्मर्यादा मात्र माणसांच्या स्मृतीहून मोठी असते. १९३६ सालच्या 'जीवन नैया' मध्यें अशोककुमारांनीं 'कोई हमदम न रहा' हें गाणें गाइलें होतें. पंचवीस वर्षांनीं, १९६१ सालीं, त्यांचे धाकटे बंधु किशोरकुमार यांनीं 'झुमरू' या आपल्या चित्रपटांत तेंच गाणें नव्या रूपांत गाइलें, आणि तें अमर झालें. 'झूला' मध्यें अशोककुमारांनीं गाइलेलें 'एक चतुर नार' हें विनोदी गीत १९६८ सालच्या 'पडोसन' मध्यें नवा साज लेऊन आलें, आणि आजहि लग्नघरांत, सहलींत, स्नेहसंमेलनांत लोक त्यावर पोट धरून हंसतात. या दोन्ही गाण्यांच्या पहिल्या रूपाच्या मागें होत्या त्या बाई कोण, हें विचारलें तर बहुतेक ठिकाणीं उत्तर येणार नाहीं. चाल घरांत आहे, गाणाऱ्याचें चित्र भिंतीवर आहे, आणि चाल बांधणारी दाराबाहेर उभी आहे.

श्रोतेहो, खोर्शेदबाईंविषयीं दया उत्पन्न करावी, असा माझा हेतु नाहीं. ज्यांनीं भातखंड्यांसारख्या गुरूपाशीं विद्या मिळविली, समाजाचा रोष पत्करूनहि काम सोडलें नाहीं, आणि पुरुषांच्या कारखान्यांत सहा-सात वर्षें एकामागून एक बोलपटांचें संगीत सांभाळलें, त्यांना दयेची जरूर नाहीं. जरूर आहे ती आपल्याला, आपलें ऐकणें सुधारण्याची. अवघड गोष्ट अवघड दिसली म्हणजे आपण तिला मान देतों. अवघड गोष्ट सोपी होऊन आली म्हणजे ती आपोआप झाली असें धरून चालतों. घरांत वेळेवर वाढलेलें पान असो, कीं सहज ओठांवर येणारी चाल असो, आपला हा न्याय सारखाच आहे. फारेंकबाईंच्या नऊ वाद्यांच्या रचनेला पुन्हां कान मिळावयास शंभर वर्षें लागलीं. आपल्या खोर्शेदबाईंच्या बाबतींत तितकें थांबण्याचें कारण नाहीं. त्यांच्या ध्वनिमुद्रिका अजून ऐकावयास मिळतात, आणि त्यांचें नांव उच्चारावयास तर कांहींच लागत नाहीं.

यंदा भुलाबाईपुढें मुली जमतील तेव्हां त्यांच्या चाली कोणाच्या, हें आपण त्यांना सांगूं शकणार नाहीं. तीं नांवें कायमचीं गेलीं. परंतु त्याच मुली खिरापत खातां खातां 'एक चतुर नार' म्हणूं लागल्या, तर तेथें मात्र आपल्याजवळ उत्तर आहे. ही चाल मुंबईच्या एका पारशी मुलीची. तिचें घरचें नांव खोर्शेद.